बार उडवण्याचा परवाना

माझ्या धाकट्या मामांचं शेत धुळ्याकडे आहे. तिथे मका कणसांवर आला की रानडुकरं येतात, आणि त्यांना हुसकवायला मामांकडे परवान्याची जुनी बंदूक आहे. भाद्रपदात काडतुसं संपली, तेव्हा मामांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला: "पिकाच्या संरक्षणासाठी काडतुसे मिळावीत. दिवाळीनंतर मुलीचा बार उडवायचा असल्याने त्वरित मंजुरी द्यावी."

आपल्याकडे लग्न उरकण्याला बार उडवणं म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण परवाने देणाऱ्या कचेरीतले साहेब परप्रांतातले होते. त्यांच्या मुलखात वरातीत खरोखरच गोळ्या झाडतात म्हणे. अर्जाचं भाषांतर करताना 'बार'चा 'फायर' झाला आणि मामांना नोटीस आली: परवाना रद्द का करू नये? खुलासा मान्य होईपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात जमा.

त्याच आठवड्यात धुळ्यात 'शस्त्र आणि समाज' या विषयावर परिसंवाद होता. तिथे मोठी माणसं येतात, कुणीतरी साहेबांकडे शब्द टाकेल, या आशेने मामा मला ओढत घेऊन गेले. पहिले वक्ते शस्त्रबंदीचे कडवे पुरस्कर्ते. बंदुकीने माणूस भित्रा होतो, असं ते तळमळून सांगत होते. मागे त्यांचे दोन बंदूकधारी अंगरक्षक उभे होते. त्यांनीही मान डोलावली. दुसरे वक्ते परवानाधारकांच्या बाजूचे. ते अमेरिकेपासून सुरू झाले आणि तिथेच राहिले. काडतुसांवर निर्बंध म्हणजे नागरिकाच्या पौरुषावर निर्बंध, असं म्हणून त्यांनी घोटभर पाणी घेतलं. तेवढ्यात मामा नोटीस हातात घेऊन उठले.

पहिल्या वक्त्यांनी ती मागवून घेतली, चष्मा लावला आणि सभागृहापुढे फडकवली. "बघा, खानदेश कुठे चाललाय! नाना, लग्नात गोळीबार शोभतो का तुम्हाला?"

दुसऱ्यांनी माइक ओढला. "का शोभू नये? ती आपली परंपरा आहे!"

"कसाना गोळीबार?" मामा ओरडले. "मनी पोरनं लगीन शे! तठे डुकरं मका खाई राहिनात!"

सभागृह खदखदून हसलं. अध्यक्ष म्हणाले, "नाना, विषयाला धरून बोला."

शेवटी कचेरीतच एका कारकुनाने वाट दाखवली. वाक्प्रचाराचा अर्थ कुणा जाणकाराकडून लिहून आणा, म्हणाला. मी जळगावला तीस वर्षं मराठी शिकवलं. आयुष्यात एवढं निकडीचं लेखन माझ्याकडे कधी आलं नव्हतं. लिहिलं: "प्रमाणित करण्यात येते की, 'बार उडवणे' म्हणजे विवाह पार पाडणे होय. यास दारूगोळा लागत नाही." खाली सही, हुद्दा, 'निवृत्त'. साहेबांनी ते बारकाईने वाचलं, एक जादा प्रत मागितली आणि फाइल पुढच्या टेबलावर पाठवली. पुढे अशी आणखी चार टेबलं होती.

बंदूक सुटली, सोबत काडतुसांची मंजुरीही मिळाली. मी आणि मामा ती घेऊन घरी पोचलो, तेव्हा मामी ओट्यावर लग्नाचे गहू निवडत बसली होती. तिने खांद्यावरच्या बंदुकीकडे पाहिलं, मग मामांकडे.

"आते कशाले आनी? डुकरं जेवीसनी गयात."