केमनची कासवं

सिंगापुरात पासिर रिसला राहणाऱ्या श्रीनिवासराव सबनिसांनी केमन बेटं कधी पाहिली नव्हती, पण बोलायचे असे की सातबाऱ्यावर त्यांचंच नाव असावं. ते ज्या फंडांचे हिशेब बघत, ते सगळे कागदोपत्री कॅरिबियनमधल्या या ब्रिटिश अमलाखालच्या बेटांवर नोंदलेले. ऑफिसात कुणी नुसतं हूं म्हटलं की यांची गोष्ट सुरू. कोलंबस वाऱ्याने भरकटला, समुद्रात कासवंच कासवं दिसली, म्हणून त्याने बेटांना कासवांचं नाव दिलं. पुढे मगरीवरून 'केमन' रूढ झालं. कासवं खलाशांनी जहाजांवर जिवंत नेली आणि खाऊन संपवली.

मग तिथल्या ऑफिसात दोन वर्षांसाठी माणूस पाठवायचं ठरलं. साहेबीण लिम मॅडमनी आधी श्रीनिवासरावांनाच विचारलं. आता पहिल्या विचारण्याला आपल्यात कुणी हो म्हणतं का? "मला कशाला, तरुणांना पाठवा," असं म्हणून ते आग्रहाची वाट बघत बसले. ताटावर आडवा हात धरावा आणि वाढणाऱ्याने तरीही जिलबी वाढावी, तसं त्यांना हवं होतं. मॅडमनी मान डोलावली आणि गार्गीला विचारलं. गार्गी सिंगापुरातच वाढलेली, श्रीनिवासरावांच्याच हाताखाली शिकलेली. ती सिंगापुरी थाटात "कॅन", म्हणजे हो, म्हणून मोकळी झाली.

तेव्हापासून श्रीनिवासरावांचा नुसता जळफळाट चालला होता. तिची नवी बॅग दिसली तरी पोटात दुखायचं.

"मग हो म्हणायचं होतंत," बायको, सुलेखाताई, म्हणाल्या.

"एकदाच विचारतं का कुणी?"

तरी रीत म्हणून गार्गीला जेवायला बोलावलं. श्रीखंड खाता खाता तिने कासवांची गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

"आधी हक्क कासवांचा होता," तिच्याकडे रोखून बघत ते म्हणाले, "नाव लागलं मगरीचं."

"सो सॅड, काका," म्हणत तिने आणखी एक पुरी घेतली. टोमणा वाया गेला.

निघताना तिने वाकून नमस्कार केला. "काका, डिसेंबरमध्ये तुम्ही आणि काकू या ना माझ्याकडे. एक्स्ट्रा रूम आहे. मी कासवं दाखवते तुम्हाला."

श्रीनिवासरावांना आतून नाचावंसं वाटलं. आणि तोंडातून निघालं, "नको गं, तुला कशाला उगाच त्रास."

दार धरून ते तसेच उभे राहिले.

"ओके लाह, काका," गार्गी म्हणाली आणि लिफ्टचं बटण दाबलं.