रत्नपालची नम्र सूचना

रत्नपाल मेश्रामला शहरातल्या लोकांनी गोड बोलायला शिकवलं, त्याचा राग माझ्या मनातून जात नाही. तो माझा चुलतभाऊ. गोंदियात एका क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवतो आणि उरलेल्या वेळात एक फुकटचं काम करतो. कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा असा एक खुला प्रोग्राम आहे. तो नहराच्या पाण्याच्या नोटिसा वाचतो, त्यातून गाव आणि तारीख वेचतो आणि शेतकऱ्यांच्या फोनवर मेसेज धाडतो. ठिकठिकाणची पोरं त्याच्या कोडमध्ये बदल सुचवतात. तो बदल तपासून 'घ्या' किंवा 'घेऊ नका' म्हणायचा अधिकार मोजक्याच लोकांना आहे, आणि त्यात आमचा रत्नपाल. पगार नाही, पण इटियाडोह धरणाच्या नहराखालच्या आमच्या गावात त्याची केवढी ऐट! त्याची आई शामकलाकाकू येईल त्याला सांगायची, "माह्या बाबूच्या मेसेजवर पानी येते गावात."

तपासणीतही तो आमच्यासारखंच बोलायचा. आमच्याकडे बांध फुटला तर लोक 'बांध फुटला' असंच म्हणतात, त्याला साखर लावत बसत नाहीत. रत्नपाल लिहायचा, "हे चूक आहे. घेऊ नका." खाली कारण द्यायचा, विषय संपला. एका शहरी पोराला ते झोंबलं. तक्रार गेली. गटाच्या प्रमुख मॅडमनी अतिशय नम्र शब्दांत कळवलं की भाषा सौम्य ठेवावी, अन्यथा नाइलाजाने तपासणीचा अधिकार काढून घ्यावा लागेल. धमकी द्यावी तर या लोकांनी, अंगावर ओरखडा उठत नाही!

रत्नपाल मात्र हादरला. मला म्हणाला, "दादा, हे गेलं त मी कोन हाव? टायपिंगवाला सर, बस."

मग तो गोड लिहायला शिकला. 'फारच सुंदर काम', 'सहज सुचलं म्हणून'. मी वाचून हसायचो, तो चिडायचा.

भात कापणीच्या सुमारास त्याच शहरी पोराने एक बदल पाठवला. प्रोग्राम जलद चालावा म्हणून नोटिशीत पहिली तारीख सापडली की पुढचं वाचायचंच नाही, असा तो बदल. आता नोटिशीची एक रीत असते. तारीख बदलली तरी वरचा मजकूर तसाच राहतो आणि खाली 'सुधारित' म्हणून नवी तारीख येते. रत्नपालला हे पाहताक्षणी दिसलं. पूर्वीचा रत्नपाल 'घेऊ नका' लिहून मोकळा झाला असता. या नव्या रत्नपालने लिहिलं, "उत्तम बदल! एक छोटीशी सूचना, शक्य झाल्यास खालच्या तारखेचाही विचार व्हावा. बाकी चालेल." पोराने उत्तर दिलं, "छान मुद्दा, पुढच्या वेळी नक्की पाहू!" रत्नपालची संमती होतीच, बदल आत गेला.

आमच्याकडे हलका धान आधी कापून होतो. त्याच्या कापलेल्या मुठी, म्हणजे कडपा, बांध घातलेल्या बांधीत वाळत पडलेल्या असतात, तेव्हा शेजारचा भारी धान उभा असतो आणि त्याला शेवटचं पाणी हवं असतं. नहराचं पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जातं, कापलेली बांधी वगळून जात नाही. म्हणून ज्याने कापला त्याने आधी कडपा उचलायच्या. नोटिशीत वर पुढच्या आठवड्यातला सोमवार होता, खाली सुधारित म्हणून त्याच्या आधीचा शुक्रवार. मेसेज आला सोमवारचा. कोणी तरी काकूला म्हणालंही की पाणी लवकर येईल म्हणतात. काकूने त्याला उडवून लावलं, पोराचा मेसेज होता ना तिच्याकडे.

शुक्रवारी पाणी आलं आणि काकूच्या सगळ्या कडपा त्यात बुडाल्या.

रत्नपाल गावी आला तोवर लोंबीला कोंब फुटले होते. बांधीवर उभा असतानाच त्याला मॅडमचा मेसेज आला. त्याने फोन माझ्या हातात दिला. चूक दुरुस्त केली आहे, आपली सूचना राहून गेली, क्षमस्व. मात्र आपण ती ज्या सौजन्याने मांडलीत, त्याचं गटात सर्वांना कौतुक वाटलं. फोन चिखलात फेकावासा वाटला मला.

काकूने कोंब आलेली लोंबी त्याच्यापुढे धरली.

"तुले ठाऊक होता का बाबू?"

"होता, माय."

"मंग सांगतलास काऊन नाही?"

"सांगतलो ना. जरा गोड सांगतलो."

काकूने लोंबी खाली टाकली. "भाजीत मीठ जास्त झाला त तू मले गाव ऐकते असा बोलतेस. आन इथं गोड कायले बोल्लास?"

रत्नपाल खाली वाकून ओल्या कडपा गोळा करायला लागला. तपासणीचा अधिकार अजून त्याच्याकडेच आहे.