सुगराफुफीनं माफ केलं नाही

सुगराफुफी काल दुपारी गेली. जाताना सख्ख्या भावालाही माफ करून गेली नाही.

तो भाऊ म्हणजे माझे अब्बा.

हिवरखेडजवळच्या आमच्या गावात तिला सगळे टरकून असायचे, मी सोडून. मला ती ‘अमरावतीची मॅडम’ म्हणायची. मी बँकेत क्लार्क आहे हे तिला कधीच पटलं नाही.

तिची व्हॉइस नोट आली की आधी नुसता खोकला. मग, “मॅडम, जेवली काय वं?”
बस, एवढंच. त्यासाठी दिवसातून तीनदा फोन वाजायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आम्ही तडवी. सातपुड्यातले भिल्ल, आणि मुसलमानही. निकाह काजी लावतो आणि हळदीला बाया डोंगरातली जुनी गाणी म्हणतात.

ऐकायला छान वाटतं. पण दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तो पाहुणा आमच्यात नेहमी बाईच असते.

फुफी ऐन तारुण्यात विधवा झाली. कडेवर लेक शबाना, एवढीशी. माहेरी परत आली आणि आमच्या वावरात राबायला लागली.

त्या वावराचं नाव हुरमतचं वावर.

हुरमत ही फुफीची खापरपणजी. कापूस वेचता वेचता फुफी तिची गोष्ट सांगायची. तिकडे अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या काळातली. हुरमत नवऱ्यासोबत डोंगर उतरून खाली आली. कुऱ्हाड घेऊन झाडोरा तोडला, काळी जमीन मोकळी केली. कापसाची गाडी स्वतः हाकत अकोटला न्यायची म्हणे.

मग हातात पैसा आला. शहरातल्या बड्या मुसलमानांच्या बायका पडद्यात राहतात हे नवऱ्यानं पाहिलं, आणि घरी येऊन आपल्याही दाराला पडदा लावला.

“कापूस महाग झाला अन् हुरमत घरात गेली,” फुफी म्हणायची. “डोंगरात होती तं गरीब होती बाप्पा, पण बाहेर होती.”

नवरा मेल्यावर वावर पोरांच्या नावावर झालं. पोरींना काही नाही, कारण तिथे मात्र डोंगरातली रीत चालली.

आजोबा वारले तेव्हा फुफीनं त्या वावरात आपला हिस्सा मागितला. बैठक बसली.

“आपण आदिवासी लोक,” पंच म्हणाले. “आपल्यात पोरीले वावर देत नाई.”

फुफी वळली. “मौलवीसाब, कुरानात पोरीले हिस्सा हाय का नाई?”

“हाय,” मौलवीसाहेब म्हणाले. मग पंचांकडे बघून हळूच, “पण आता तुमच्या जातीची रीतच तशी हाय तं मी का बोलू?”

चहा आला. विषय संपला.

पुढच्या हंगामात फुफी कापसाची गाडी घेऊन स्वतः बाजाराला निघाली. तेच पंच आडवे आले.

“मुसलमानाच्या बाया बाजारात बसतेत काय?”

“काहून? मागच्या साली तं आपण आदिवासी होतो ना!”

गाव आजही यावर हसतं. फुफी हसत नसे. गाडी त्या दिवशी अब्बांनीच माघारी आणली होती.

आमच्यात बहिणीनं हक बक्षायचा, म्हणजे भावासाठी सोडून द्यायचा असतो. भाऊ ईदला लुगडं आणतो, बहीण चार लोकांत म्हणते, बक्षला. झालं, भाऊ मोकळा.

अब्बा दर ईदला लुगडं आणायचे.

फुफी घडी उलगडून काठ बघायची. “रंग चांगला हाय भाऊ. हक नाई सोडत.”
आणि मग शीरखुर्म्यातल्या सगळ्या चारोळ्या वेचून त्यांच्याच वाटीत टाकायची. त्याला आवडतात म्हणून.

हे मला कधी कळलंच नाही. इतका राग आणि इतकी माया एका बाईत राहतात कसे?

अकोल्याच्या दवाखान्यात अब्बा तिच्या उशाशी बसून म्हणाले, “बाई, आता तरी माफ कर मले.”
तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. “किती वाळला रे तू,” म्हणाली. माफ केलं म्हणाली नाही.

आज सकाळी जनाजा होता. आम्ही बाया दाराआड उभ्या.

नमाजेच्या आधी जवळच्या पुरुषानं विचारायचं असतं, मय्यतीकडून, म्हणजे गेलेल्या माणसाकडून, कोणाचं काही येणं आहे का, असेल तर माझ्याकडून घ्या, नाहीतर माफ करा. अब्बा पुढे झाले. विचारलं. लोक नमाजेसाठी रांगा लावायला लागले.

अब्बा तरी उभेच.

“तिच्याकडे कोणाचं काई नाई,” ते म्हणाले. “तिचंच माह्याकडे हाय. हुरमतच्या वावरातला हिस्सा. मी दाबला. माफी मागतली, तिनं देल्ली नाई.”

कोणीतरी त्यांची बाही ओढली. त्यांनी सोडवून घेतली. “तिचा हिस्सा शबानाले देतो. आयकून ठेवा सगळे.”

शबानानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी रडत होते. फुफीसाठी, आणि खरं सांगते, अब्बांसाठीही.

संध्याकाळी मात्र भाऊबंद ओसरीवर येऊन बसले. “दुःखात मानूस काई बी बोलते,” असं चाललं होतं. अब्बा मान खाली घालून ऐकत होते. आतून मला सगळं ऐकू येत होतं.

फुफी, तुझा भाऊ चांगला आहे. पण चार लोकांपुढे वाकतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

म्हणून एवढ्यात त्याला माफ करू नकोस.

शबानाचं नाव सातबाऱ्यावर चढू दे. चढलं की मी स्वतः तुला सांगायला येते. बायांना कब्रस्तानात येऊ देत नाहीत, माहीत आहे मला.

तरी येते.

सलाम, फुफी.