सत्त्याण्णव टक्के काका

मॅडम पडद्यावर आल्या की काका उठून उभे राहायचे. वर्ग ऑनलाइन, कॅमेरा चालू. त्यामुळे बाकीच्या विद्यार्थ्यांना काकांचं दर्शन म्हणजे इस्त्रीचा शर्ट आणि त्याची मधली तीन बटणं. मॅडम म्हणायच्या, "प्लीज सिट, सर." मग काका "थँक यू, मॅडम" म्हणून बसायचे. बावन्न वर्षांचा गृहस्थ मुलीच्या वयाच्या बाईंकडून बसायची परवानगी घेतोय, हे दृश्य मी माझ्या फ्लॅटमध्ये, कॅमेरा बंद ठेवून, नूडल्स खात मोठ्या चवीनं बघायचो.

आम्ही सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर एकाच प्लांटमध्ये होतो आणि कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायचो. काका चिंचवडचे, डिप्लोमावाले. कंपनीनं फर्मान काढलं की सुपरवायझर व्हायचं तर सुरक्षा व्यवस्थापनाचा ऑनलाइन कोर्स पास झाला पाहिजे. माझ्या दृष्टीनं ती नुसती बढती होती. काकांचं जुनं पद मात्र बंदच होणार होतं. कोर्स पास झाला तर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, नाहीतर मुलीचं शिक्षण अर्धवट सोडून चिंचवड.

तेव्हा काकांनी अभ्यासाची अत्याधुनिक पद्धत निवडली: पाठांतर. बसमध्ये डोळे मिटून ते पुटपुटायचे. पुढच्या सीटवरचा तमिळ सहकारी ते स्तोत्र समजून फोनवर हळू बोलायचा. "एकदा तोंडात बसलं की डोक्यात उतरतं," असं काकांचं म्हणणं. मी त्यांना माझी युक्ती सांगितली: लेक्चर दुप्पट वेगानं पळवायचं, निबंध एआयकडून लिहून घ्यायचा आणि त्यात दोन चुका आपल्या घालायच्या, म्हणजे माणसाचा वाटतो.

"मग पास कोण होणार? तू की ते?" काकांनी विचारलं.

"मी, काका," म्हणून मी पोटभर हसलो.

पहिल्या निबंधाचा निकाल लागला. माझ्या निबंधाला 'अस्सल, स्वतंत्र विचार' असा शेरा मिळाला. काकांच्या ईमेलमध्ये आकडा होता सत्त्याण्णव टक्के. काकांनी दुसऱ्या दिवशी लिटल इंडियातून आणलेले पेढे अख्ख्या बसला वाटले. ईमेल पूर्ण वाचला तो संध्याकाळी मुलीनं, आणि ती सिंगापुरी थाटात ओरडली, "पप्पा, हे मार्क्स नाहीत ला! दे सेइंग यू कॉपी!"

पुस्तकाशी सत्त्याण्णव टक्के जुळणारा निबंध! उरलेल्या तीन टक्क्यांत काय विसरलो, ही काकांची खरी खंत. चौकशीसाठी तिघं जण पडद्यावर बसले. काका अर्थात उभे. "नो कॉपी, सर. बाय हार्ट," ते म्हणाले आणि त्यांनी चौथं प्रकरण सुरू केलं, 'पुढील आकृती पाहा' यासकट. पंधरा मिनिटांनी समितीनं हात जोडायचेच बाकी ठेवले. निर्णय झाला: कॉपी नाही, पण आठवड्यात स्वतःच्या शब्दांत लिहा. शेवटची संधी.

रविवारी काका माझ्याकडे आले, तोंड उतरलेलं. "अरे, आजवर माझे शब्द कुणी मागितलेच नाहीत रे." मी उदार होऊन लॅपटॉप पुढे ओढला. "दोन मिनिटांत देतो लिहून." काकांनी तो मिटला आणि कागद मागितला.

त्यांनी लिहिलं ते जुन्या प्लांटमधल्या एका फिटरबद्दल. व्हॉल्व्ह बंद आहे, असं गृहीत धरून काकांनी दुरुस्तीच्या परवानगीवर सही केली होती. तो बंद नव्हता. फिटरचा हात भाजला. काकांच्या इंग्रजीत शेवटी दोनच वाक्यं होती: मी सही केली. मी पाहिलं नव्हतं.

काका काठावर पास झाले, मी पहिल्या श्रेणीत. सुपरवायझरपदाच्या मुलाखतीत साहेबांनी दोघांनाही एकच विचारलं: तुमच्या निबंधात काय आहे, सांगा. काका बराच वेळ बोलले म्हणे. मला निबंधाचं शीर्षक आठवत होतं.

त्यानंतर दोन वर्षं काका माझे सुपरवायझर होते. प्रत्येक सहीआधी विचारायचे, "जाऊन पाहिलंस का?" मला अस्सा राग यायचा! मग मुलीचं शिक्षण संपलं आणि ते चिंचवडला परतले. आता मला कुणी विचारत नाही. तरी सही करण्याआधी मी उन्हातून व्हॉल्व्हपर्यंत चालत जातो, आणि तिथे पोचलो की काकांची फार आठवण येते.