माझ्या मापाचा लॅपटॉप

"जरा खाली धर गं हात. देणाऱ्याचा हात वर दिसला पाहिजे फोटोत."

सव्वीस जानेवारी. मुलुंडच्या एका सोसायटीत झेंडावंदन झालं होतं. गेटजवळ टेबल, मागे बॅनर, बॅनरखाली मी. समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते. लॅपटॉप देणाऱ्या काकू सोसायटीच्या सेक्रेटरी. मी बालवाडीत होते तेव्हापासून माझी आई त्यांच्याकडे धुणीभांडी करत होती. त्यांनी सांगितलं तसे मी हात खाली घेतले.

"थोडी हस ना. लॅपटॉप मिळतोय तुला," काकू म्हणाल्या. मग माइक घेऊन जमलेल्यांना म्हणाल्या, "यांच्यातल्या मुलीपण आता शिकायला लागल्यात. किती बरं वाटतं."

यांच्यातल्या. आई बाजूला वड्यांच्या प्लेटा भरत होती. तिनं ऐकलं. मीही ऐकलं. आणि मी हसले. फोटो चांगला आला म्हणे.

लॅपटॉप काकूंच्या मुलाचा जुना. पाट्यासारखा जड. बॅटरी मेलेली. वायर लावलेली असेल तोवर चालू, वायर हलली की काळोख. आम्ही राहतो भांडुपच्या डोंगरावर. रिक्षा खालीच थांबते, पुढे नुसत्या पायऱ्या. खोलीत प्लग एकच. लॅपटॉप लावला की टेबलफॅन काढायचा. अभ्यासिकेत भिंतीजवळच्या जागा पहाटेच भरतात आणि मधल्या टेबलांना प्लग नाहीत. पण आई खूश होती. तिनं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकला. शेजारणी आल्या की रुमाल उचलून दाखवायची.

थोडे दिवस गेले आणि काकूंचा फोन आला. "अगं, मीटिंगचं एवढं टाईप करून दे ना मराठीत. तुझ्याकडे लॅपटॉप आहे ना आता."

दिलं करून. मग पाणी बंदची नोटीस. मग सत्यनारायणाचं आमंत्रण. मग नातीचा मराठीचा प्रोजेक्ट. दर वेळी तेच, लॅपटॉप आहे ना आता. पैशांचं नाव नाही. परीक्षेच्या आठवड्यात सोसायटीच्या हिशोबाचं टिपण आलं, तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, काकू, आत्ता नाही जमणार. मग म्हणाल्या, "दिलेलं विसरू नये. आईला विचार, घरची चूल कोणामुळे पेटते."

माझा पणजा गावात वेठ करायचा. वाड्यावरून हाक आली की हातातलं टाकून जायचं. आजोबाला ते सोसेना. तो पळून मुंबईला आला, गिरणीत लागला. आणि त्याची शिकलेली नात वेठ करत होती, कीबोर्डवर. हे मला कळत होतं. तरी मी परीक्षेच्या आदल्या दिवशी ते टिपण टाईप करून पाठवलं. आईचं काम जाईल ही भीती होती. त्या घरावर आमचं निम्मं घर चालायचं.

फील्डवर्क देवनारला होतं, डम्पिंगच्या कडेच्या वस्तीत. सरकारी दवाखान्यात लोकांना कसं वागवतात, त्या हकिकती आम्ही लिहून घेत होतो. एका बाईची मुलगी तापानं गेली होती. बाई कचरा वेचायची. समोरच्या दुकानातून वायर ओढून मी तिच्या उंबऱ्यावर बसले. ती हळूहळू बोलायला लागली. मुलीला घेऊन कुठे कुठे फिरली, कोण काय म्हणालं, मुलगी शेवटी काय म्हणाली. मी टाईप करत होते. रस्त्यातून जाणाऱ्या कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. स्क्रीन काळी. पुन्हा चालू केला तर पान कोरं होतं.

मी म्हटलं, "ताई, परत सांगता का?"

"नाही," ती म्हणाली. "एकदा सांगितलं. माझी पोर मी परत परत नाही मारणार."

ती चिडली नव्हती. उठली आणि आत गेली. मी उंबऱ्यावर ते धूड मांडीवर घेऊन बसून राहिले. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. ज्यांना ते नको झालं होतं त्यांनी ते मला दिलं. मला काय लागतं हे कुणी विचारलंच नाही. कशाला विचारतील? फुकट मिळणाऱ्याला पसंती नसते, असं धरून चालतात. आणि भोगलं कुणी, तर त्या बाईनं.

घरी आल्यावर आईला म्हटलं, "मला माझा लॅपटॉप घ्यायचाय. हा परत द्यायचाय. पण काम तुझं आहे. तू नको म्हणालीस तर नाही देणार."

आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. मग गावच्या मालवणीत म्हणाली, "हाताक काम खयंय गावतला. ह्यो धोंडो आधी नेऊन दी त्यांका."

तिची भिशी लागली होती, माझ्याकडे शिकवण्यांचं थोडं साठलं होतं. घाटकोपरच्या दुकानात सेल्समननं मोठ्या स्क्रीनचे मांडले. "मूव्ही बघायला झकास, मॅडम." मी एकेक उचलून पाहिला. विचारलं, चार्जर न लावता दिवसभर चालेल का? मराठी नीट टाईप होतं का? त्यानं माझ्या चपलांकडे पाहिलं.

"तुमच्या बजेटमध्ये छोटाच येईल."

"मला छोटाच पाहिजे."

त्याला वाटलं, मी मन मारतेय. अजिबात नाही. वहीहून जरासाच मोठा, झोळीत मावणारा. त्यात गेम चालत नाहीत, फार काही साठवताही येत नाही. नको मला. तो घेऊन मी पायऱ्या चढते, अभ्यासिकेत मधल्या टेबलावर बसते, कुणाच्याही उंबऱ्यावर बसते. आजवर माझे कपडे, चपला, दप्तर सगळं कुणाच्या तरी पोरांचं उतरलेलं. ही पहिली वस्तू मी माझ्या मापाची घेतली.

रविवारी जुना घेऊन काकूंकडे गेले. टेबलावर ठेवला.

"मला याचा उपयोग नाही. आणि टायपिंग मी यापुढे फुकट करणार नाही."

"माज आलाय का गं?"

"हो."

त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला. मग म्हणाल्या, "आईला उद्यापासून पाठवू नकोस."

त्याच इमारतीत आईची आणखी दोन कामं होती; त्या घरांनीही दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दारातूनच परत पाठवलं. झालेल्या दिवसांचा पगारही 'नंतर बघू.' आई घरी आली आणि रडली. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मला वाटलं की मीच तिची वाट लावली.

संध्याकाळी बायका आल्या. आमच्याच डोंगरावरच्या, त्याच सोसायटीत कामाला जाणाऱ्या. खोलीत मावेनात, काही पायऱ्यांवर बसल्या. एक म्हणाली, "आज हिचं गेलं, उद्या माझं जाईल. सोसायटीला पत्र लिही गं, आम्ही बोलतो."

लॅपटॉप मधोमध ठेवला. त्या बोलत गेल्या. मी टाईप केलं, वाचून दाखवलं. "आमच्यावर दया करा" असं एकीनं सांगितलं होतं. आई म्हणाली, "ता काढ." काढलं.

आता पत्रात आहे ते असं. तिन्ही घरांनी आईचा पगार द्यायचा. यापुढे काम बंद करायचं तर महिनाभर आधी सांगायचं. कुणाही बाईला असं एका दिवसात काढलं, तर दुसऱ्या दिवशी डोंगरावरून त्या सोसायटीत एकही बाई उतरणार नाही. सोमवारी आम्ही सगळ्या जणी हे घेऊन गेटवर जाणार आहोत. वर कुणीही जाणार नाही. काकूंनी खाली यायचं.