वरच्या आठशेंवरचा कर

आमच्या घरी ग्राहक चळवळीची पत्रकं गठ्ठ्यांनी यायची. त्यांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले आणि व्यापारी गिऱ्हाइकाला कसा लुटतो, हेही तिथेच शिकले. त्यामुळे पांढरकवड्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात बिलं करायला बसले तेव्हा माझा एक डोळा मालकांवर असायचा. त्यांना सगळे चाचा म्हणत. मीही म्हणायचे.

एके दिवशी राजूरचा गॅरेजवाला तणतणत आला. आमचं सर्वात मोठं गिऱ्हाईक. त्याने बिल काउंटरवर आपटलं.

"चाचा, या कागदावर टॅक्स अठराशे. सरकारच्या टॅक्स पोर्टलवर सोळाशे छप्पन. मधले काहून खाल्ले? जुळलं तर ठीक, नाही तर माल आता वणीहून घेतो."

चाचांचा चेहरा उतरला. "बेटी, देख जरा. आपण कोनाचं खात नाही."

मी पाहिलं. माल दहा हजारांचा, त्यावर अठरा टक्के कर, एकूण अकरा हजार आठशे. गिऱ्हाइकाने नेहमीप्रमाणे "वरचे सोडा" म्हटलं होतं आणि चाचांनी वरचे आठशे सोडले होते. आमच्याकडे बिल छापून झाल्यावरच हे मागायची रीत आहे. आधी कोणी सूट मागत नाही. काउंटरवरच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये मी ती सूट कराच्या ओळीखाली टाकायचे. हीच बिलं महिनाअखेर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जायची. तिथे सूट आधी मालातून वजा व्हायची आणि उरलेल्या ब्याण्णवशेंवर कर लागायचा. सरकारकडे तोच आकडा जायचा.

म्हणजे आठशेंवरचा कर, एकशे चव्वेचाळीस रुपये. हिशेबात गॅरेजवाल्याच्या खात्यावर नेमके तेवढेच जास्त आलेले दिसत होते. कर म्हणून घेतलेले, सरकारला न दिलेले.

मला वाटलं, सापडलं. पण काय सापडलं, ते कळेना. चाचांनी आपल्या खिशातले आठशे सोडले होते आणि तेच सोडल्यामुळे त्यांच्याकडे पैसे राहिले होते. चोरी म्हणावी तर चोर दिसत नव्हता. पैसे मात्र आमच्या गल्ल्यात होते. मी तीनदा गणित केलं आणि दर वेळी वेगळ्याच माणसाचा राग आला.

"चाचा, पैसे आपल्याकडंच आहेत," मी म्हणाले.

"म्हंजे मी खाल्ले?"

"खाल्ले नाही. पण आहेत."

"वा! दोन कॉम्प्युटर ठेवले, दोघं दोन बोलून राह्यले," गॅरेजवाला हसला. "दोन बायका परवडल्या."

चाचा हसले नाहीत. त्यांनी गल्ला उघडून एकशे चव्वेचाळीस रुपये त्याच्यापुढे ठेवले. मी सूट कराच्या वर घेऊन नवं बिल छापलं. त्यावरचा कर आता पोर्टलसारखाच होता.

"पैसे कायले? मले कागद पाहिजे होता."

"उचल. नाही तर हिचा हिशेब जुळत नाही."

त्याने उचलले. मग सावकाश म्हणाला, "असं तर मागच्या बिलांतही असंल ना?"

"असंल," चाचा म्हणाले. "बेटी सगळे काढंल. तेही घेऊन जाय."

तो क्लच प्लेटांची ऑर्डर सांगून गेला. मी मागची बिलं काढू लागले आणि हात थांबला. झरी जामणीहून फटफटीचं सामान न्यायला येणारी माणसं रोख बिल घेत. त्यांनीही वरचे सोडून घेतले होते. त्यांना पोर्टल नव्हतं, त्यामुळे भांडायलाही कोणी येणार नव्हतं. बिलावर नाव म्हणून फक्त 'रोख'.

"चाचा, त्यांचं काय?"

"सरकारात भरून टाकू."

"पण पैसे त्यांनी दिले."

"टॅक्स म्हनून दिले ना?"

टॅक्स म्हणूनच दिले होते. पण सोडलेल्या पैशांवरचा टॅक्स कोणी कोणाला का द्यावा? चाचांनी पंख्याचं बटण दाबलं आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले.

"आता सांग," ते म्हणाले, "तू म्हनशील तसं करू."

मी 'रोख' लिहिलेलं पहिलं बिल उघडलं.