मिल्याचा कंदील आणि चौथं नाव

मिल्यानं मला अकरा वेळा मारलं.

आज सकाळी तो स्वतः गेला.

मी मेलो की तो कोरा कागद पुढं सरकवायचा आणि म्हणायचा, "चल, नवीन नाव सांग."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. मी आणि मिलिंद बारामतीला कॉलेजात होतो. दर रविवारी दुपारी मी एसटीनं सणसरला त्याच्या घरी जायचो आणि आम्ही एक गेम खेळायचो. एक जण गोष्ट रचतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, मांत्रिक, चोर होतात. आपलं पात्र मेलं की कोऱ्या कागदावर नवीन नाव लिहून पुन्हा सुरू. गोष्ट रचणारा कायम मिल्या. खेळणारे आम्ही तिघं: मी, वर्गातला सचिन आणि मिल्याची धाकटी बहीण शैला.

नियमांचं पुस्तक म्हणजे त्याच्या मावसभावानं मुंबईहून आणलेली झेरॉक्स. वेगळे फासे लागायचे, ते कुठून आणणार? मग हाऊजीचे एक ते वीस आकडे डालड्याच्या डब्यात टाकायचे, डबा खडखड हलवायचा आणि एक उचलायचा.

आणि त्या झेरॉक्समध्ये नेमका एक चॅप्टर गायब. जादूच्या वस्तूंचा.

मी म्हणालो, बोंबललं सगळं.

मिल्याचे डोळे चमकले. "बोंबललं काय? आता तर मज्जा हाय. आपणच बनवू की."

आईशप्पथ, काय दिवस होते ते. आम्ही आठवडाभर लेक्चरला बसून जादूच्या वस्तू बनवायचो. अकाउंट्सची वही मागून भरत यायची.

मी पहिली वस्तू लिहून नेली. एका घावात डोंगर फोडणारी तलवार. मिल्यानं वाचली आणि परत दिली.

"ताकद कुणालाबी लिहिता येती, पक्या. आधी खोट लिही. जेवढी ताकद मोठी, तेवढी खोट मोठी."

मग डोकं चालायला लागलं.

शैलानं बनवला जोडणारा कोयता. तुटलेलं काहीही जोडतो, पण आधी वापरणाऱ्यानं स्वतःचं काहीतरी तोडायचं. सचिननं मुकी घंटा बनवली. ती फक्त खोटं बोलणाऱ्याला ऐकू येते, पण वाजवणारा स्वतः खोटारडा असेल तर दिवसभर बहिरा.

माझी कोरडी घागर. राक्षसाची सगळी आग पिऊन टाकते, पण संध्याकाळपर्यंत कुठंतरी ओतावी लागते. मी शहाण्यानं ती आपल्याच तंबूत ओतली.

तो माझा चौथा मृत्यू. शैला हसून हसून लोळली होती.

आणि मग मिल्यानं बनवला कंदील.

लावला की मेलेला माणूस परत येतो. बास. आम्ही तिघं वेड्यासारखे त्यावर तुटून पडलो. कुणाकडं राहणार? मी म्हणालो माझ्याकडं, सचिन म्हणाला त्याच्याकडं. आवाज चढला, डबा कलंडला, आकडे घरभर.

मिल्याचे वडील, आबा, ओट्यावर पेपर वाचत होते. ते कालव्यावर पाटकरी. कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं हे सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता.

आतमध्ये न बघताच ते म्हणाले, "भांडताय कशाला? पाळी लावा की. एकाचं भिजलं की पाणी पुढच्याला."

मिल्यानं तिथंच त्याच्या वहीत लिहून काढलं. कंदील एकदा वापरला की पुढच्याकडं. आधी मी, मग सचिन, मग शैला, मग परत मी. हीच कंदिलाची खोट.

शैलानं विचारलं, "आन दादाची पाळी?"

आबा म्हणाले, "पाटकऱ्याला पाळी नसती, बाई. त्यानं निस्तं बघायचं."

मिल्या हसला आणि तेही लिहून घेतलं.

पहिली पाळी मी घालवली घोड्यावर. माझा तांबडा घोडा दरीत पडला होता, मला राहवलं नाही. पुढच्याच रविवारी मी स्वतः मेलो आणि कंदील सचिनकडं. त्यानं काही लावला नाही. मिल्यानं शांतपणे कोरा कागद सरकवला.

नंतर सचिननं वापरला, शैलानं वापरला, कंदील फिरून माझ्याकडं आला. तेवढ्यात मला पुण्यात नोकरी लागली. गेम तिथंच थांबला. पुढच्या रविवारी येतो म्हणालो होतो. गेलो नाही. त्याची लाज आजही वाटते.

मागच्या महिन्यात दवाखान्यात भेटलो. वाळून गेला होता, पण डोळे तेच.

"कंदील तुझ्याकडंच हाय अजून," तो म्हणाला.

"हाय. लावू का?"

"पाटकऱ्याला पाळी न्हाय, आन कंदीलबी न्हाय. नियम म्हंजे नियम." थोडा दम घेतला. "ठिव जपून. न्हायतर परत घोड्यावर घालवशील."

दोघंही हसलो. बाहेर येऊन मी जिन्यात रडलो.

आज अंत्यविधीची बुद्धवंदना झाल्यावर शैला मिल्याची ती वही घेऊन आली. "पक्यादादा, तुमच्याकडं असू द्या."

कंदिलाचं पान उघडलं. खाली पाळीची तीन नावं, मिल्याच्या बारीक अक्षरात.

मी पेन काढलं आणि चौथं नाव लिहिलं. मिलिंद.

मग माझ्या नावापुढं बरोबरची खूण केली. म्हणजे कंदील लावला. शैलानं बघितलं. हळूच मान डोलावली.

मिल्या, नियम मोडला. तुला राग येईल तर येऊ दे. तुमच्या घरात पुनर्जन्म मानत नाहीत, मलाही ठाऊक आहे. पण वहीत तुझंच अक्षर आहे, आणि वहीत परत येणं चालतं.

कोरा कागद पुढं ठेवलाय, गड्या.

चल, नवीन नाव सांग.